अकरा कोट

रेकॉर्डवरच्या टाळ्या विरळ आहेत.
नीट कान दिला तर मोजता येतात.
मला मोजावं लागत नाही,
त्या रात्रीचे सगळे कोट माझ्या हातून गेले होते.

क्लीव्हलंड. फेब्रुवारी, एकोणीसशे त्रेसष्ट.
सरोवरावरून आलेला वारा
सीडर रस्त्यावरच्या पाट्या उपटत होता,
बसगाड्या बंद,
आणि तळघरातल्या त्या क्लबात
साठ खुर्च्यांना माणसं अकरा.
मालक म्हणाला, रद्द करू.
पेटिवे म्हणाला, यंत्र आलंय, फीत आलीय,
पियानो काय, इथेच राहतो.
आणि रेडिएटरपाशी बोटं चोळत बसला.

मी एकोणीस वर्षांची, कोटांच्या खिडकीत.
ओल्या लोकरीला कुत्र्याचा वास येतो.
पितळी बिल्ले, एक ते अकरा.
सातवा कोट हिरवा, कॉलरवर बर्फ,
अस्तर एका जागी काळ्या दोऱ्यानं शिवलेलं.
ओडेसा लॅनिअर, बासवाल्याची बायको.
तिनं बिल्ला पर्समध्ये टाकला नाही,
मुठीतच धरून आत गेली.

पहिली बाजू चांगलीच आहे, ऐका कधी.
क्लिऑनचे ब्रश,
कुणी भल्या पहाटे पायऱ्यांवरचा बर्फ झाडतंय.
पेटिवेचा उजवा हात,
जो आपलं वाक्य अर्ध्यावर सोडून
दुसऱ्याचं ऐकायला थांबतो.
आणि दोघांच्या खालून रूफसचा बास,
मजल्याखालून पाण्याचा पाइप जावा तसा,
आहे हे विसरायला होतं.

दुसरी बाजू, तिसरी धून.
संथ. इतकी संथ
की कोटांवरून फरशीवर ठिबकणारं पाणीसुद्धा
तालात येऊ लागलं होतं.
ती आली. बिल्ला ठेवला.
पितळ गरम होतं.
मी कुजबुजले, मॅडम, अजून दोन बाकी आहेत.
ती बाह्यांत हात घालत म्हणाली,
त्याला सांग, ओव्हनमध्ये जेवण झाकून ठेवलंय.

घरीच चाललेली बाई
असला निरोप ठेवत नाही.

जिन्याच्या टोकाचं लोखंडी दार
वाऱ्यानं तिच्या हातून हिसकलं
आणि आपटलं.

रूफसची एक मात्रा गेली.
एकच.
दुसरा कुणी असता तर पटकन चार सूर टाकून झाकून घेतलं असतं.
पेटिवेनं हात मांडीवर घेतले.
क्लिऑननं ब्रश कातड्यावर नुसता टेकवून ठेवला.
कुणी उठून गेल्यावर
लगेच खुर्ची उचलत नाहीत,
तसं.
मग खालच्या तारेवरून रूफस परत आला,
अंधारात भिंत चाचपत येतात तसा,
आणि समेवर तिघं बरोबर भेटले.

शेवटच्या टाळ्या दहाजणांच्या आहेत.

परवा माझ्या नातवानं नवी आवृत्ती आणली.
ऐक, म्हणाला, किती स्वच्छ केलंय!
खरंच. ग्लास नाहीत. खोकला नाही.
रेडिएटरची शीळ, जी आम्हाला नकोशी व्हायची, नाही.
तिसऱ्या धुनेत मी श्वास धरून बसले
आणि दार आलंच नाही.
नुसतीच पोकळी,
भिंतीवरची तसबीर काढल्यावर राहते तसली.
सोबतच्या पुस्तिकेत तिला म्हटलंय
'एक धाडसी मौन'.
डेमेट्रिअस म्हणाला, आजी,
काय डोकं असेल ना, नेमकं तिथे थांबायचं सुचणं!
मी म्हटलं, चहा टाक.

त्या रात्री सगळे गेल्यावर
रूफस बासला कॅनव्हासच्या खोळीत घालत होता,
एक एक बंद, सावकाश,
झोपलेल्या मुलाच्या बुटांच्या नाड्या सोडाव्यात तसा.
मी जवळ जाऊन निरोप दिला.
त्यानं वर पाहिलं नाही.
बऱ्याच वेळानं विचारलं,
काय केलंय?

मला कुठे माहीत होतं.
मी म्हटलं, गरम आहे.